चारोळी पिकायची वाट

माझी सून श्रीखंडावर चारोळी भुरभुरते तेव्हा मला गप्प बसवत नाही. मूठभर घेते, वरून सोडते, अर्धी ओट्यावर सांडते आणि ओल्या फडक्यानं पुसून मोकळी होते. मी म्हणते, "अगं, वेचून घे की." ती म्हणते, "आई, एवढ्याशा दाण्यांसाठी?" आता तिला काय सांगायचं! लातूरच्या या फ्लॅटमध्ये चारोळी दुकानातल्या पाकिटातच तयार होते, असा सगळ्यांचा समज आहे. नातवाला एकदा सगळं सांगायला बसले, तर "आजी, शॉर्टमध्ये सांग" म्हणून त्यानं माझ्यापुढं मोबाइल धरला. शॉर्टमध्ये सांगण्यासारखी ती गोष्टच नाही. म्हणून आता कागदावर लिहिते. कागद निदान मध्येच उठून जात नाही.

माझं माहेर किनवटच्या पुढे, तेलंगणाच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगरातलं. हे सांगितलं की लातूरची माणसं हटकून विचारतात, "मराठवाड्यात कुठलं आलंय हो जंगल?" उत्तर देऊन देऊन माझी जीभ झिजली. आहे बाबांनो, जंगल आहे. सागवान आहे, मोह आहे, टेंभुर्णी आहे, पळस आहे; त्यात माणसं राहतात आणि त्या माणसांना दोन्ही वेळा भूकही लागते. आमच्या गावात एका अंगाला आमचा बौद्धवाडा, मध्ये मराठ्यांची घरं आणि ओढ्यापलीकडं बंजाऱ्यांचा तांडा. आम्हाला शेत होतं, पण त्या मुरमाड तुकड्यातली ज्वारी संक्रांतीच्या पुढं पुरली तर माय नवल करायची. बाकीचं वर्ष रानावर. दिवाळीच्या सुमाराला सीताफळं, थंडीत डिंक आणि गवत, शिमग्याच्या आगंमागं मोहाची फुलं, मग बिडीसाठी टेंभुर्णीची पानं आणि ऊन अगदी डोक्यावर आलं की चारोळी. पावसाळ्यात दुसऱ्याच्या रानात निंदणी-खुरपणी. मोठ्या शहरातली माणसं मला म्हणतात, "किती छान, सगळं निसर्गातून मिळायचं!" मिळायचं की. पहाटे अंधारात उठून, वाकून वाकून पाठीचा कणा मोडेपर्यंत वेचलं म्हणजे मिळायचं.

घर कुडाचं, दोन खोल्यांचं, एका दाराचं. त्याला घर म्हणायचं ते आपलं नावाला. खरं तर ते कोठारच होतं आणि त्यात उरलेल्या जागेत आम्ही राहायचो. मोहाच्या दिवसांत अंगणभर फुलं वाळत पडायची आणि त्यांचा तो आंबूस-गोड वास भाकरीला, वाकळांना, केसांना चिकटायचा. मी शाळेत गेले की बाकावरच्या पोरी नाक दाबून म्हणायच्या, "आली बघा भट्टी." आमच्या घरात दारूचा थेंब नव्हता. दादा, म्हणजे माझे वडील, पंचशील म्हणणारा माणूस. आम्ही फुलं वाळवून विकायचो आणि थोडी गुळासारखी भाकरीत घालून खायचो. पण पोरींना हे कोण समजावणार? मी घरी येऊन मायवर चिडायची, आणि माय म्हणायची, "वास येतो म्हनून तर चूल पेटती. न्हाई आला तर काय खाशील, त्यांचं नाक?"

चारोळी ज्या झाडाला येते त्या झाडाला आमच्याकडं चार म्हणतात, आणि त्याच्या बारक्या बोरांसारख्या फळांना चारं. चारोळी म्हणजे त्या फळाच्या बीच्या पोटातला दाणा. फळं भिजवायची, गोणपाटावर चोळून त्यांची सालं काढायची, आतली टणक बी उन्हात खडखडीत वाळवायची आणि मग जात्यात फोडायची. जात्याच्या मधल्या खिळीला चिंध्यांची गुंडाळी घालून माय वरची तळी जराशी उचलायची, म्हणजे टरफल फुटायचं पण दाणा चिरडायचा नाही. दळणाचं जातं घरघरतं. चारोळीचं जातं कडकड वाजतं, कुणीतरी झोपेत दात खावेत तसं. त्या आवाजानं दुपारी डोळा लागायचा नाही. फुटलेली बी सुपात पाखडून दाणे वेगळे करायला आम्ही पोरं बसायचो, आणि आमच्या तोंडात दाणे जाऊ नयेत म्हणून माय सतत प्रश्न विचारत राहायची. "पंचे, शेळीला पानी दावलंस का? पंचे, गुरुजी काय म्हनले? पंचे, रांजण भरला का?" उत्तर यायला जरा उशीर झाला की तिला कळायचं, पंचीच्या तोंडात काहीतरी आहे. मग पाठीत धपाटा बसायचा. पंचशीला हे माझं नाव. पण गावात त्या नावानं मला फक्त गुरुजी हाक मारायचे.

आता यातली खरी कटकट सांगते. चाराची झाडं कुणाच्या मालकीची नव्हती. डोंगर सगळ्यांचा. त्यामुळं जो आधी पोचेल त्याचं फळ. फळ पिकायला वैशाख अर्धा सरावा लागतो, पण पिकेपर्यंत थांबेल कोण? शेजारीण आधी जाईल या धास्तीनं प्रत्येक जण तिच्याही आधी जायचा, आणि दर वर्षी हे आणखी आणखी अलीकडं सरकत चाललं होतं. माझ्या लहानपणी फळं हिरवीगार असतानाच लोक फांद्यांसकट ती ओरबाडून आणत. मग जात्यात घातली की अर्ध्या बिया पोकळ. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी दर वर्षी सगळे तेच करत आणि जात्यापाशी बसून एकमेकांच्या नावानं बोटं मोडत.

आणि अशा गावात माझा दादा हा थांबणारा माणूस. एसटी आली की सगळे चढून होईपर्यंत खाली उभा. कुठं लग्नाला गेला की शेवटच्या पंगतीत बसणार, तोपर्यंत वरण पातळ झालेलं. माय म्हणायची, "ह्यांच्या नशिबात तळाचं लिहिलंय न्हाई, हे सोताच तळाशी जाऊन बसतात." मी सातवी झाले त्या साली हा माणूस गावच्या बैठकीत उभा राहिला. बैठक हापशाजवळच्या चिंचेखाली होती, तांड्याचा सोमला नाईकही आला होता. दादा म्हणाला, "हे बगा, दर साल हिरवं चार आणून आपुन पोकळ बी फोडून राहिलो. थोडं थांबलो तर दाना भरंल. आन् रानात हिंडून बगा, चाराचं एक तरी बारकं रोप दिसतंय का? कच्ची बी खाली पडून उगवंल कशी? पिकू द्या. वैशाखी पुनव होऊ द्या, दुसऱ्या दिशी समदे मिळून जाऊ."

आमच्या शेजारची गोदामावशी लगेच म्हणाली, "आपुन थांबलो आन् दुसऱ्यानं नेलं तर?"

"दुसरं कोन हाय रानात?" दादा म्हणाला. "आपुनच की दुसरे."

लोक हसले. नाईकानं पागोटं सारखं केलं. "किसनदा, तू जबान देतो का? तुझ्या घरचं कुनी जानार न्हाई?"

"देतो."

"मंग तांडा बी देतो. पुनवंच्या दुसऱ्या दिशी मी नगारा वाजवतो. नगारा वाजल्याबिगर कुनी डोंगर चढायचा न्हाई." दोघांनी जबान दिली म्हटल्यावर मराठ्यांच्या घरांनीही माना डोलावल्या. दादा घरी आला तो असा, जणू जिल्हा जिंकून आला आहे.

पण त्या सालची चारोळी म्हणजे माझं लातूर होतं. गावातली शाळा सातवीला संपायची. गुरुजींनी खटपट करून लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहात माझं नाव घातलं होतं आणि जागा मिळाली होती. जेवण-राहणं फुकट, पण जाताना आपलं सामान आपण न्यायचं: पत्र्याची पेटी, वळकटी, गणवेश, चपला. शाळा उघडताना जी पोर सामानासकट हजर नसेल तिची जागा दुसरीला. मायनं थंडीतच जाहीर करून टाकलं होतं, "ह्या साली चारोळी पंचीची. त्यातलं मीठ-मिरचीला सुदीक काढनार न्हाई." पेटीला कुठलं कुलूप घ्यायचं, इथपर्यंत आम्हा दोघींचं ठरलं होतं. आणि दादानं सगळं गाव थांबवून ठेवलं! गाव थांबलं तर ठीक. पण गाव थांबलं नाही तर सगळ्यात शेवटी कोण पोचणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मायनं भाकरी थापता थापता त्याला आडव्या हातानं घेतलं. "लोकं लई नंबरी हायत. तुमी थांबशाल आन् ते रातोरात नेतील. मंग पोरगी जनमभर शेनं थापील."

"नाईकानं जबान दिलीया."

"जबान काय पेटीत घालून लातूरला धाडू का?"

दादा यावर काही बोलला नाही. तो बोलला असता तर भांडण होऊन मिटलं असतं. तो गप्प राहिला म्हणून मायही गप्प झाली, आणि आमच्या घरात अबोला सुरू झाला. हा अबोला म्हणजे माझ्या डोक्याला ताप. दादा चुलीपासून हातभर अंतरावर बसलेला असायचा आणि माय मला म्हणायची, "पंचे, तुझ्या बापाला म्हनावं भाकर झाली." मी म्हणायची, "दादा, भाकर झाली." दादा म्हणायचा, "तुझ्या मायला म्हन, वाढ." माझा नवरा गेला तोवर आमचं आयुष्यात कितीदा तरी बिनसलं, पण मी कधी अबोला धरला नाही, भांडले, तोंडावर बोलले, भांडी आपटली. अबोल्याचा मला त्या उन्हाळ्यापासूनच तिटकारा आहे.

आणि नवल असं की गाव थांबलं. मला आजही त्याचं नवल वाटतं. विश्वासानं थांबलं असं मी म्हणणार नाही. एकमेकांवर पाळत ठेवून थांबलं. गोदामावशी सकाळपासून डाळ निवडायला म्हणून दारात बसायची आणि तिची नजर डोंगराच्या वाटेवरून हलायची नाही. सरपणाला एकटंदुकटं कुणी जाईना. तांड्यातल्या बायका आमच्यावर लक्ष ठेवायच्या, आम्ही तांड्यावर. पण फळं झाडावर राहिली. रोज बघितलं तर दुरूनही कळायचं, हिरव्यातली काही तांबूस व्हायला लागली होती. गोदामावशीसुद्धा एकदा हापशावर म्हणाली, "किसन येडा हाय, पर ह्या वक्ताला जमलं बग त्याला." मी ते घरी येऊन सांगितलं. माय ऐकून न ऐकल्यासारखं करत भाकर जरा जास्तच जोरात थापत राहिली, पण तिच्या तोंडावरची आठी थोडी सैल झाल्याचं मी पाहिलं.

पौर्णिमा तोंडावर आली आणि औशाहून माझी आत्या आली. दादाची थोरली बहीण, धुरपता. तिचा नवरा औशाच्या मोंढ्यात हमाली करायचा. दर उन्हाळ्यात ती एकटी माहेरी यायची. औसा ते लातूर, लातूर ते नांदेड, नांदेड ते किनवट असा एसटीचे धक्के खात. नांदेडच्या स्टँडवर अर्धापूरची केळी घ्यायची आणि आमच्याकडं पोचेपर्यंत त्या केळ्यांची पिशवीतच शिकरण झालेली असायची. ती आली की घर आवाजानं भरायचं. औशाच्या बाजाराच्या गोष्टी, नवऱ्याच्या कागाळ्या, शेजारणीची पोरं, सगळं एका दमात. तिच्या बोलण्यात त्या दिवशी आमच्या घरातला अबोलाही झाकून गेला, आणि तिथंच सगळं चुकलं. डोंगर बंद आहे, हे तिला कुणी सांगितलंच नाही. दादाला वाटलं, बायका बायका बोलल्या असतील. मायला वाटलं, ह्यांची बहीण, ह्यांची जबान, हे सांगतील. आणि मी? पुढं सगळ्यांनी मलाच विचारलं, तू का नाही सांगितलंस? अहो, त्या दिवसांत मी घरातली निरोप्या होते. ज्याचा निरोप दिला जाईल तोच पोचवायचा. हा निरोप मला दोघांपैकी कुणीही दिला नव्हता!

सकाळी आत्या टमरेल घेऊन रानाकडं गेली. परत आली ती ओटीत हिरवी चारं भरून. लहानपणी तिची माय कच्च्या चारांची मीठ-मिरची घालून आंबट चटणी वाटायची, आणि औशाला जन्म काढूनही तिच्या जिभेवरून ती चव गेली नव्हती. बरं, आडवाटेनं गुपचूप तरी यावं! नाही. माहेरवाशीण आहे, गावातून मिरवत आली. प्रत्येक दारात थांबून, ओटी उघडून दाखवत. गोदामावशीला तर तिनं आवतण दिलं, "काय गं गोदे, बरी हायस का? चटनी वाटून राहिले, ये की खायाला."

गोदामावशीच्या मांडीवरचं सूप खाली पडलं. "किसनच्या घरची गेली!" ती ओरडली. "आगं बायांनो, किसनच्याच घरची गेली!"

कुणीही थांबून काही विचारलं नाही. आत्याला तर आपण काय केलं तेच कळेना. ती ओटी धरून मधोमध उभी आणि तिच्या दोन्ही अंगांनी माणसं पळतायत. टोपल्या, आकड्या, कोयते, गोधड्या, म्हातारी-कोतारी, तान्ही पोरं कडेवर घेतलेल्या बाया. बघता बघता डोंगरावर जत्रा भरली आणि फांद्या मोडल्याचा काड काड आवाज आमच्या अंगणापर्यंत ऐकू यायला लागला. मायनं पदर खोचला, टोपली काखेत मारली, आकडी उचलली. दादा उंबऱ्यात बसला होता. तो उठला नाही. इतक्या दिवसांनी दोघं एकमेकांशी सरळ बोलली ती अशी:

"सरका."

"नगारा वाजला न्हाई."

"आवो, नगाऱ्याचं काय घिऊन बसलाव! डोंगर रिकामा होऊन राहिला. सरका म्हन्ते ना."

"म्या जबान दिली. माझ्या हातानं न्हाई मोडनार."

"मोडली की! तुमच्या भैनीनं मोडली. आता काय ऱ्हायलंय मोडायला?"

"तिला ठावं नव्हतं."

"कामून ठावं नव्हतं? कुनी सांगायचं तिला?"

यावर दोघांनीही माझ्याकडं बघितलं. मला त्या क्षणी दोघांनाही उचलून ओढ्यात टाकावंसं वाटलं. मी किंचाळले, "दादा, माझं लातूर जाऊन राहिलं!" दादानं माझ्याकडं बघून नुसतं म्हटलं, "हाव, पंचे." पण तो हलला नाही. आमच्या घराला दुसरं दार नव्हतं, आणि उंबऱ्यात बसलेल्या माणसाला ओलांडून जायचं नाही, ही एक रीत मायनं त्या संतापातही पाळली. तिनं टोपली त्याच्या डोक्यावरून अंगणात भिरकावली आणि चुलीपाशी जाऊन तोंडावर पदर घेतला. मायला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. लोक म्हणतात, काय तत्त्वाचा माणूस! माझ्या मुलानं तर दादाच्या पुण्यतिथीला असंच भाषण केलं. मी खाली मान घालून ऐकलं. तत्त्वाचा माणूस लांबून फार चांगला दिसतो. त्याच्या घरात राहून बघावं एकदा.

दुपारी सोमला नाईक आला. त्यानं तांडा बराच वेळ आवरून धरला होता, पण शेवटी त्याच्याही माणसांनी ऐकलं नाही. "किसनदा, तू बी जा आता," तो म्हणाला. "वरती टोकाला थोडंफार असंल."

"पुनवंच्या दुसऱ्या दिशी नगारा वाजवशील ना?" दादानं विचारलं.

"आता कुनासाठी?"

"ठरलंय म्हनून."

नाईकानं कपाळावर हात मारला. जाताना मला म्हणाला, "पोरी, तुझा बाप लई बेजार करतो." त्या गावात माझं दुःख समजलेला तेवढा एकच माणूस होता.

पुढचे दिवस घराघरांतून जाती कडकडत होती, आमचंच तेवढं मुकं. बी वाळायच्या आधीच लोकांनी फोडायला घेतली होती आणि हिरव्या फळांची बी ती, निम्म्याहून जास्त पोकळ. तर कुणाच्या नावानं खडे फोडावेत? गोदामावशी पदरात टरफलं घेऊन आमच्या दारात आली आणि दादालाच म्हणाली, "बग, किसन, तुझ्यामुळं झालं हे. तू थांबवलं म्हनून समदे एका दिशी तुटून पडले. न्हाई तर हळूहळू नेलं असतं." दादा म्हणाला, "हाव, खरंय." खरं काय त्यात! माय आतून ताडकन उठून बाहेर आली आणि तिनं गोदामावशीला असं काही झाडलं की बिचारी टरफलं तिथंच टाकून गेली. नवऱ्याशी अबोला होता, पण त्याला बाहेरच्या कुणी बोलायचं काम नाही. पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर झाली. आमच्या खिरीत चारोळी कधीच नसायची, त्या वर्षीही नव्हती.

आत्याची अवस्था बघवत नव्हती. तिनं आणलेली चारं पाट्यावर तशीच पडून सुकली, चटणी काही कुणी वाटली नाही. बडबड बंद, जेवण अर्धं. पौर्णिमेच्या संध्याकाळी ती मायपुढं येऊन बसली आणि म्हणाली, "वैनी, पोर मला दे. औशाला मोठी शाळा हाय. माझ्यापाशी ऱ्हाईल, शिकंल. तिला पेटी नको न् काय नको."

माय म्हणाली, "तुमची भांडी घासाया?"

"घासंल की," आत्या म्हणाली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "भांडी बी घासंल, पानी बी भरंल. आन् शाळा बी शिकंल. म्या चुकले वैनी, पर मला सांगाया तर पायजे होतं कुनी." मग दोघी रडल्या, आणि माझं ठरून गेलं. मला कुणी विचारलं नाही. वसतिगृहात माझ्या वयाच्या मुली होत्या, ओळीनं मांडलेल्या पेट्या होत्या, संध्याकाळच्या अभ्यासाला मोठा दिवा होता. गुरुजींनी सगळं वर्णन करून सांगितलं होतं. आत्याकडं खाटेखालची जागा आणि भांडी. मी तिथूनच मॅट्रिक झाले, पुढं लातूरला नर्सिंग केलं, सरकारी दवाखान्यात नोकरी केली, सगळं नीट झालं. लोक म्हणतात, बघ, चांगलंच झालं ना शेवटी! हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. माझी पेटी गेली ती गेली. पुढं पगारातून मी तीन पेट्या घेतल्या, एकीतही तो आनंद नव्हता.

पौर्णिमेच्या दुसऱ्या सकाळी नाईकानं खरोखर नगारा वाजवला. गावातली पोरं हसत ओढ्याकडं पळाली. दादानं टोपली उचलली, मुंडासं बांधलं आणि मला म्हणाला, "चल, पंचे." मी भिंतीकडं तोंड करून बसून राहिले. तेव्हा माय त्याच्याशी बोलली, मला मध्ये न घालता. "न्या तिला," ती म्हणाली. "दावा तिला तुमचा डोंगर." त्यात राग होता की आणखी काही, हे मला आजही सांगता येणार नाही. मी उठले आणि त्याच्या मागं पाय आपटत चालायला लागले.

डोंगराची दैना झाली होती. फांद्या मोडून लोंबत होत्या, पानं करपून खाली पसरली होती, आणि त्यात हिरवी चेचलेली फळं. दादा एकेका झाडाखाली उभा राहून वर बघायचा आणि पुढं जायचा. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणत होते, "न्हाई. इथं बी न्हाई. इथं बी न्हाई." त्यानं एकदाही मला गप्प केलं नाही. पार वर, जिथं कडा तुटतो, तिथं एक चाराचं झाड पोकळीवर वाकलेलं होतं. त्याच्या शेंड्याला, जिथं ना आकडी पोचली ना कुणाची छाती झाली, तिथं काळे ठिपके दिसत होते. दादानं चपला काढल्या. मी ओरडले, "दादा, मरशील! सोड ना आता!" पण ऐकतोय कोण! फांदी त्याच्याखाली कुरकुरत होती आणि खाली खोल दरी. माझा जीव नुसता टांगणीला. तो उतरला तेव्हा त्याची मांडी सोलली होती आणि सदऱ्याच्या खिशात थोडीशी चारं होती. काळीभोर, मऊ, पिकलेली.

"खा," तो म्हणाला.

"बी काढून इकू की."

"एवढ्याचं काय इकतीस? खा गं."

मी एक तोंडात टाकलं. चारोळीच्या गावात जन्मले, दाणे पाखडून पाखडून हातांची सालं गेली, पण पिकलेलं चार मी तोवर खाल्लं नव्हतं. मायनं नव्हतं, गोदामावशीनं नव्हतं. दादानंही एक घेतलं, आणि त्याच्या तोंडाकडं बघून माझ्या लक्षात आलं की ह्या माणसानंही आजवर ते चाखलेलं नाही. ज्याची चवसुद्धा माहीत नव्हती, त्याच्यासाठी सगळं गाव थांबवून बसला होता हा! त्यानं डोळे मिटले. पायानं माती उकरून बी त्यात ढकलली आणि टाच दाबली. दुसरं मला दिलं. तिसरंही मलाच.

"कसं हाय?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं नाही. गोड होतं. मधासारखं बोचरं नाही, गुळासारखं जडही नाही. हलकं, जरा आंबट, आणि लगेच संपणारं. ते इतकं गोड होतं की मला दादाचा आणखी राग आला. त्या सगळ्या दिवसांत आला नव्हता एवढा. ते कडू निघालं असतं तर बरं झालं असतं, माझं मन तरी मोकळं झालं असतं. मी तोंडातली बी थुंकली, डोळे पुसले आणि त्याच्याकडं न बघता हात पुढं केला.

"आनखी हाय का?"

दादानं खिसा उलटा करून दाखवला.